दसरूच्या पोराचं मॅट्रिक

कूपात सागाचे लठ्ठे पडून होते आणि एकही गाडी जुंपलेली नव्हती. नेमकी त्याच दिवशी डी.एफ.ओ. साहेबांची, म्हणजे आमच्या डिव्हिजनच्या सर्वेसर्वांची, पाहणी होती.

मी तेव्हा पोंभुर्ण्याच्या बाजूला रेंज ऑफिसर होतो. कूप म्हणजे त्या वर्षी तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. तोडलेलं लाकूड नाले भरायच्या आत डेपोत आणावं लागतं. नाला भरला की लाकूड तिकडे आणि आपण इकडे!

मी तणतणतच गावात गेलो. गाडीवाल्यांचा मुकादम दसरू नवं धोतर नेसून मोहाखाली बसला होता.

"दसरूभाऊ, बैल कुठे आहेत?"

"आज कोनी जुंपत नाई, साहेब. पोरगं मॅट्रिक पास झालं."

त्या गावातच काय, आसपासच्या गावांतही कोणी मॅट्रिक झालेलं नव्हतं. दसरूचा सोमा चांद्याच्या बोर्डिंगात राहून शिकला होता. माझा निम्मा राग तिथेच उतरला.

तेवढ्यात साहेबांची जीप आली. बातमी ऐकून साहेब खूष झाले आणि त्यांनी सोमाला पुढे बोलावलं. नाकेदाराची, म्हणजे वनरक्षकाची, एक जागा रिकामी होती.

"उद्या सकाळी नावं नागपूरला जायची आहेत," साहेब सोमाला म्हणाले. "इथेच अर्ज लिही. मी घेऊन जातो."

मी कागद-पेन पुढे केलं. दसरूने माझा हात हळूच बाजूला सारला.

"आता नाई, साहेब. अजून पंडुम नाई झाला."

पंडुम हा गोंडांचा नव्या पिकाचा सण. झाडाखाली आंब्यांचा सडा पडला तरी पंडुम होईपर्यंत माणूस एक आंबा तोंडात घालत नाही. पहिला वाटा पुरख्यांचा, म्हणजे वाडवडिलांचा. दसरूच्या लेखी मॅट्रिक हेही नवं पीकच होतं. पुरख्यांच्या आधी ते कोणी वापरायचं नाही, सरकारनेसुद्धा नाही.

"अरे, पोराची नोकरी जाईल!" साहेब ओरडले.

"जाईन त जाईन, साहेब. पुरख्याइच्या आंधी कसा देऊ?"

नोकरी त्यालाही हवीच होती. त्या नोकरीच्या आशेवरच तर त्याने पोराला इतकी वर्षं लांब ठेवलं होतं.

पुजारी शेजारच्या गावाहून यायचा होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि जीपच्या मडगार्डवर बसून राहिले.

पुजारी आल्यावर सगळं गाव शिवेवर गेलं. तिथे पुरख्यांचे दगड उभे आहेत, गेलेल्या प्रत्येक माणसाचा एक. पुजाऱ्याने तांदूळ वाहिले, मोहाच्या दारूचे थेंब सोडले आणि सोमाला खूण केली. सोमाने फडक्यात बांधलेलं पुस्तक सोडलं. भूमितीचं होतं. तो दगडांसमोर उभा राहून मोठ्याने वाचू लागला. काटकोन त्रिकोणाचं प्रमेय!

आधी तो अडखळला, मग आवाज मोकळा झाला. म्हाताऱ्या बाया हात जोडून उभ्या होत्या. साहेबांनी कधी हॅट काढली ते मला कळलंच नाही. हेच प्रमेय मी शाळेत छड्या खाऊन पाठ केलं होतं. ते एवढं मोठं असेल असं कधी वाटलं नव्हतं. "हेच सिद्ध करावयाचे होते," असं सोमा म्हणाला आणि अख्ख्या गावाने जमिनीला डोकं टेकलं.

परतताना मी विचारलं, "दसरूभाऊ, पुरख्यांना भूमिती समजली असेल का?"

"आंबा गोड लागला का आंबट, हे तरी कुठी सांगतेत, साहेब? पयला वाटा त्याहिचा, बस."

मग त्याने स्वतःच माझ्या खिशातलं पेन काढून सोमाच्या हातात दिलं. "आता लिही, बापू."

अर्ज वेळेत पोचला. सोमा नाकेदार झाला. त्याची पहिली ड्यूटी होती नाल्यापलीकडे अडकलेल्या लठ्ठ्यांवर पहारा देण्याची, कारण त्याच आठवड्यात नाला भरला होता.

मला मेमो आला, लाकूड काढायला विलंब का झाला म्हणून. खाली सही त्याच साहेबांची. मी उत्तर दिलं, "मजूर धार्मिक कार्यात होते. पाहणीस आलेले अधिकारीही तेथेच होते." पुढे काही विचारणा झाली नाही.

तेव्हापासून एक शिकलो. उशीर करायचाच असेल, तर साहेबांना सोबत घेऊन करावा.