राक्षसाच्या पोटातली माणसं

बाबा बोईसरच्या एका रंगाच्या कारखान्यात ऑपरेटर होते. त्यांचा रुमाल आईनं कितीही घासला तरी गुलाबीच राहायचा. मामाचं, म्हणजे आईच्या भावाचं, घर तारापूरकडे किनाऱ्यावर. त्याची होडी ज्या खाडीतून समुद्रात जायची, त्याच खाडीत कारखान्यांचं लालसर पाणी उतरायचं. तरी मामा कधी बेटेगावला आमच्याकडे आला की तो आणि बाबा शेजारी बसून जेवायचे आणि ह्या विषयावर बोलायचे नाहीत.

मी शाळेत चित्रकला शिकवते. उरलेल्या वेळात एक ग्राफिक नॉव्हेल काढत होते. एक राक्षस किनाऱ्यावर येऊन बसतो, त्याच्या श्वासानं पाणी नासतं आणि एक कोळीण भाला घेऊन त्याच्यावर चालून जाते, एवढीच गोष्ट होती. पण राक्षसाचं पोट काढायला घेतलं तेव्हा आत माणसं दिसायला लागली. डबे घेऊन येणारी, पाळीपाळीनं भाता ओढणारी. त्यांच्या भात्यावर राक्षसाचा श्वास चालायचा आणि त्या श्वासावर त्यांच्या घरची चूल. मग कोळिणीचा भाला मला कुठं रोखावा ते कळेना.

पानं मी दोघांनाही दाखवली. बाबांनी चष्मा लावून सगळी नीट पाहिली.

"हिनं पोट फाडलं तर आतली माणसं कुठं जाणार?" त्यांनी विचारलं.

मामा बराच वेळ कोळिणीकडेच बघत राहिला. म्हणाला, "हिला जिंकू दे गो. इथं तरी."

त्या हिवाळ्यात खाडीत मेलेल्या माशांचा थर आला. किनाऱ्यावरच्या गावांनी मोर्चा काढला, मामा त्यात पुढे होता. काही आठवड्यांनी बाबांच्या कारखान्याला बंदचा आदेश आला. मोर्चात त्यानं त्या कारखान्याचं नाव घेतलं होतं का, हे आईनं भावाला कधी विचारलं नाही.

बाबांना त्या वयात दुसरीकडे कुणी घेईना. मामाच्या जाळ्यातही मासा परतला नाही. पुढच्या भाऊबीजेला तो आला. आईनं ओवाळलं. बाबा उठून बाहेर जातील असं मला वाटलं होतं, पण ते बसून राहिले.

मामा खाली मान घालून म्हणाला, "भावजी, आमी चुकलो का?"

"नाय," बाबा म्हणाले. "पण मी तरी काय चुकलो होतो?"

आईनं करंज्या पुढे केल्या. मामानं एक उचलली आणि हातातच धरून बसला.

मुंबईच्या एका प्रकाशकांनी माझी पानं परत पाठवली. चित्रं आवडली, पण वाचकानं कुणाच्या बाजूनं उभं राहायचं ते आधी ठरवा, असं कळवलं. मी ठरवू शकले नाही. काम तिथंच थांबलं.

कारखाना पुढे नव्या नावानं सुरू झाला. सगळी माणसं कंत्राटी, जुन्यांपैकी कुणाला घेतलं नाही. एका सकाळी मामाचा आईला फोन आला, पाणी परत लाल झालंय. बाबांना हे सांगू नकोस, असं आईनं मला खुणेनं बजावलं. बाबा ओट्यावर बसले होते. सांगायची गरजच नव्हती, वास बेटेगावपर्यंत आला होता.