मधुमतीबाईंचा बंदी घातलेला पाहुणा

मधुमतीबाईंचा जगावर विश्वास म्हणून नाही. दुधावरची तारीख परवापर्यंतची असली तरी त्या वास घेऊन बघणार, बसवर पाटी असली तरी ड्रायव्हरला विचारणार. अशा बाईने २००६ साली इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या घरात परका माणूस ठेवावा, तोही आइस हॉकीवाला! लेक स्वराली कार्डिफला युनिव्हर्सिटीत गेली, खोली रिकामी झाली. गावातल्या हॉकी क्लबला कॅनडातून आणलेल्या खेळाडूंसाठी घरं हवी होती, आणि बाईंच्या नवऱ्याने, रघुवीररावांनी, क्लबचं काम बघणाऱ्या ऑफिसातल्या मित्राला परस्पर ‘हो’ म्हणून टाकलं. झालं!

डेरिक आला. सव्वासहा फूट, पुढचे दोन दात गायब, पण स्वभाव लाघवी. ‘मिसेस एम, मिसेस एम’ करत मागे फिरायचा, साबुदाण्याची खिचडी ताटलीभर हाणायचा. बाई विरघळल्या, पण थोडा संशय शिल्लक ठेवूनच.

नोव्हेंबरात एका मॅचला बाई स्टँडमध्ये होत्या. ती रबरी चकती कधीच पुढे गेली होती, समोरच्या संघातल्या एका पोराचं लक्ष नव्हतं, आणि डेरिक भरधाव येऊन थेट त्याच्या डोक्यावर आदळला. पोरगा स्ट्रेचरवरून गेला. लीगने डेरिकवर आठ सामन्यांची बंदी घातली.

“अहो, हा माणूस घरात नको.”

“अगं, खेळ आहे तो,” रघुवीरराव म्हणाले.

“खेळ? कुणाच्या तरी लेकराचं टाळकं फुटलं, आणि म्हणे खेळ!”

बाईंनी पाळत सुरू केली. डेरिक दिवसभर पडदे ओढून बसे, जिन्यावर कठडा धरून चाले. बाथरूममधून ओकल्याचा आवाज येई. दारूच! बाईंनी ग्लास हुंगले, कचरा उपसला, कोटाचे खिसे चाचपले. काही सापडेना. मग ड्रग्जच असणार, दुसरं काय! एका सकाळी दूध भसाभसा उतू जात होतं आणि हा पठ्ठ्या शेजारी उभा राहून नुसता बघत होता. बाईंचं डोकंच फिरलं.

“काय घेतोस तू? खरं सांग, नाहीतर आत्ता बॅग भर!”

एवढा आडदांड गडी, खुर्चीत बसून ढसाढसा रडायला लागला. त्या टकरीत त्याचंही डोकं आपटलं होतं. तेव्हापासून उजेड सोसत नव्हता, साधे शब्द आठवत नव्हते. डॉक्टरकडे जायला तयार नाही, कारण क्लबला कळलं असतं.

“मारकुटा म्हणून नाव झालं तरी पुढच्या वर्षी कोणीतरी घेईल, मिसेस एम. डोक्याने कामातून गेलेला म्हटलं की संपलो. मला दुसरं काही येत नाही हो.”

कुणाला सांगणार नाही, असं त्याने बाईंकडून वदवून घेतलं. बंदी संपेपर्यंत बरा होईन, म्हणाला. बाईंना तेवढाच धीर.

पण क्लबने अपील केलं. शनिवारी मोठी मॅच होती. लीगच्या समितीचा माणूस बाईंना फोन करणार होता. “पोरगा घरी किती सज्जन आहे, तेवढं सांगा. बंदी उठेल,” असं मॅनेजर गोड बोलून गेला. आणि डेरिक खुळा, खेळायला तयार! आणखी एक दणका बसला तर?

फोन आला तेव्हा डेरिक समोरच बसला होता.

“सज्जन? छे हो!” बाई म्हणाल्या. “मुद्दाम मारलं त्याने. घरी येऊन हसत होता. पुन्हा मारीन म्हणतो. त्याला अजिबात खेळू देऊ नका.”

बंदी सीझन संपेपर्यंत वाढली. रघुवीररावांनी कपाळाला हात लावला, क्लबवाल्यांनी ओळख दाखवणं सोडलं. बाईंनी कुणालाच काही सांगितलं नाही. डेरिकने कॅनडाचं तिकीट काढलं. टॅक्सी आली तेव्हा तो दारात थांबला.

“मी हसलो नव्हतो, मिसेस एम. त्या पोरासाठी रडलो होतो मी.”

“माहीत आहे रे मला,” बाई म्हणाल्या. “पण शनिवारी तू मेला असतास.”

डेरिकने बॅग उचलली आणि उन्हाकडे पाठ करून टॅक्सीत बसला.