दक्खनेचा हात

आज सकाळी आमचे वानखडे सर गेले.

माझे बाबा आज स्वतःच्या हाताने जेवतात, त्यात या संस्कृत शिकवणाऱ्या माणसाचा मोठा वाटा आहे.

वडनेरच्या शाळेत सर आम्हाला दहावीला होते. एकदा वर्गात माझ्या तोंडून 'दक्खनेच्या हाताले' असं निघालं आणि सगळे हसले. आमच्या घरी बाबा तसंच बोलायचे. उजवा-डावा नाहीच. जोडीतला बैलसुद्धा दक्खनेकडचा नाहीतर उत्तरेकडचा.

सर हसले नाहीत. मला उगवतीकडे तोंड करून उभं केलं आणि विचारलं, दक्षिण कोणत्या हाताला आली?

उजव्या.

मग त्यांनी फळा भरून टाकला. युरोपपासून आपल्यापर्यंतच्या कितीतरी भाषांची एक जुनी आई होती, म्हणाले. ती कुणी लिहून ठेवली नाही. लेकींचे शब्द शेजारी-शेजारी मांडून विद्वानांनी तिचा शब्द अंदाजाने जुळवला. देक्स. अर्थ, उजवा. लॅटिनमध्ये तो डेक्स्टर झाला, ग्रीकमध्ये डेक्सिओस, संस्कृतात दक्षिण. तिकडे पार आयर्लंडच्या भाषेतही उजवा आणि दक्षिण यांना एकच शब्द आहे.

घंटा होऊन गेली होती.

"हिचे बाबा चुकीचं बोलत नाहीत," सर म्हणाले. "फार जुनं बोलतात."

मी ते विसरले.

वर्ध्याला नोकरी लागली. ऑफिसातलं कुणी घरी आलं की मीच बाबांना टोकायची, उजवीकडे म्हणा ना बाबा. हळूहळू बाबा माझ्याकडे आले की गप्पच बसू लागले. याची मला अजून लाज वाटते.

चार वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली. शब्दही गेले.

दवाखान्यातली फिजिओथेरपीवाली मुलगी फार चांगली होती. रोज सांगायची, काका, उजवा हात उचला. बाबा नुसते तिच्याकडे बघायचे. कधी डावा उचलायचे. पाचव्या दिवशी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, हातात थोडी ताकद आहे, पण आपण सांगतो ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

सर तेव्हा रिटायर होऊन वर्ध्यातच राहत होते. कळलं तसे मोसंबी घेऊन भेटायला आले. बराच वेळ व्यायाम बघत बसले. मग मला विचारलं, सकाळचं ऊन कुठून येतं?

त्यांनी वॉर्डबॉयला विनंती करून पलंग फिरवून घेतला. सिस्टर वैतागल्या. सर त्यांचीही माफी मागून आले.

आता बाबांचं तोंड उगवतीकडे होतं.

"किसनभाऊ, दक्खनेचा हात उचला बरं."

बाबांनी खाली पाहिलं.

उजव्या हाताची दोन बोटं हलली. मग मनगट.

आई रडायला लागली. फिजिओवालीने तो शब्द वहीत लिहून घेतला.

मी सरांच्या पाया पडले तर म्हणाले, योगायोगही असेल, मोठं करू नको. व्यायाम तेवढा चुकवू नका.

पण त्यानंतर वर्षभर दर गुरुवारी ते घरी आले. बाबांजवळ बसून वखर, तूर, पऱ्हाटी असल्या शेतातल्या गोष्टी काढायचे. बाबांचा एकेक शब्द परत यायचा. सगळे नाही आले.

आज बाबा हट्टाने स्मशानापर्यंत आले, काठी टेकत.

परतताना ऑटोत मी म्हटलं, सरांनी तुम्हाला किती शिकवलं ना.

बाबा बराच वेळ शब्द शोधत राहिले.

"मास्तरायनं मले काई शिकवलं नाई. मी बोलत होतो... थे आयकलं त्यायनं."

सर, आमच्या घरातल्या सगळ्यांचा तुम्हाला शेवटचा नमस्कार.