व्हर्नाची नक्कल

निवृत्त झाल्यावर ऑरिन हाल्व्हरसन अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातल्या ज्या गल्लीत राहायला आला, तिथे प्रत्येक अंगणात एकाच पक्षाची पाटी होती. त्याच्या अंगणात त्याच पक्षाच्या दोन होत्या.

उभा जन्म शाळेत नागरिकशास्त्र शिकवल्यामुळे 'समोरच्याचंही ऐकावं' हे वाक्य त्याला झोपेतही म्हणता यायचं. म्हणून त्याने 'दुसरी बाजू' नावाचं मंडळ काढलं. महिन्यातून एकदा जमायचं, घरून एकेक पदार्थ आणायचा आणि विरोधी मताच्या माणसाचं शांतपणे ऐकून घ्यायचं. अडचण एवढीच, की गल्ली पालथी घालूनही तसा माणूस मिळेना.

मग ती बाजू ऑरिननेच उचलली. उत्तरेकडे गावी राहणारी, त्या मताची थोरली बहीण व्हर्ना त्याने नकलेत उभी केली. हात कमरेवर, हनुवटी वर. "सरकारनं आधी माझ्या अंगणातून चालतं व्हावं." मंडळी पोट धरून हसली. दाद वाढत गेली तशी व्हर्ना दर महिन्याला थोडी आणखी मूर्ख होत गेली. खऱ्या व्हर्नाकडे तो थँक्सगिव्हिंगच्या सणाला कितीतरी वर्षं फिरकला नव्हता. सराव मात्र चुकला नव्हता.

शेवटी शेजारची ज्युडिथ म्हणाली, "खऱ्या बाईंनाच बोलवा की."

ऑरिनने फोन केला. मित्रांना तुला भेटायचंय, म्हणाला. एवढ्या दिवसांनी भावाचं बोलावणं आलं म्हणून व्हर्ना हरणाचं मांस आणि बटाटे भाजून मोठं भांडं भरून घेऊन आली. पाच मिनिटं ती बोलली असेल, तोच ज्युडिथ खुलली. "अहो, ऑरिन करतात अगदी तशाच आहात तुम्ही."

"करतात म्हणजे?"

सगळ्यांनी ऑरिनकडे पाहिलं. व्हर्नाने काटा खाली ठेवला. "कर बघू."

नाही म्हणणं आणखी वाईट दिसलं असतं. ऑरिनने हात कमरेवर नेले, हनुवटी वर केली, वाक्य म्हटलं. कोणी हसलं नाही.

"ही मी नव्हे. टीव्हीवरचा कुणीतरी आहे," व्हर्ना म्हणाली. "आता तू बघ." तिने बोट उचललं आणि नाकातून सूर काढला. "'व्हर्ना, संशोधन असं सांगतं की...' चर्चच्या तळघरातल्या जेवणावळीत बायका ताट सोडून हसतात माझ्या या गॉर्डीला."

"गॉर्डी कोण?"

"तूच. नाव बदललंय. सख्ख्या भावाची लाज तेवढी राखली."

खोली हसली. ज्युडिथ सर्वांत जास्त.

"मी असं कधी बोललो?" ऑरिनने विचारलं.

"इथं राहायला आल्यापासून माझ्याशी बोललास कधी?"

तो तिला गाडीपर्यंत सोडायला गेला. "थँक्सगिव्हिंगला आलो तर चालेल?"

"तो आवाज इथंच ठेवून ये."

"तुझा की माझा?"

"दोन्ही." तिने दार ओढून घेतलं, काच खाली केली. "आणि भांडं राहू दे. परत करायला तरी यावंच लागेल तुला."

भांड्याला कोणी हात लावला नव्हता. मंडळात मांस न खाण्याबद्दलही एकमत होतं. ऑरिनने ते गॅरेजमध्ये नेलं, दार लावून घेतलं आणि शेजाऱ्यांना वास जाऊ नये अशा बेताने उभ्याउभ्या निम्मं संपवलं.