शिळं पाणी

आमच्या गल्लीत सकाळी नळाची वेळ झाली की आधी पाणी भरत नाहीत, ओततात. शेजारच्या सुमनवहिनी कालचा भरलेला हंडा उचलून अंगणात उपडा करतात. परवा मला राहवलं नाही.

"वहिनी, चांगलं पाणी का ओतता?"

"शिळं झालंय, भाऊजी."

माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. म्हटलं, "अहो, हे पाणी गेल्या पावसाळ्यापासून धरणात पडून आहे. तिथं शिळं झालं नाही, आणि तुमच्या हंड्यात एका रात्रीत?"

"धरणात असेल ताजं," हंडा घासत त्या म्हणाल्या, "घरात राहिलं की शिळंच."

हे वाक्य मला जरा लागलंच. धरणावर होतो तेव्हा माझ्या एका शब्दावर दरवाजे उघडायचे, कालवे वाहायचे. निवृत्त झालो आणि दुसऱ्याच सकाळी बायको म्हणाली, "पाय वर घ्या, केर काढायचाय." एका रात्रीत शिळा! साठून राहायचं तर धरणात राहावं. लोक सहली काढून बघायला येतात. हंड्यातल्याला कोण विचारतं?

आज नळ नुसताच खोकला. कालचं पाणी तर गल्लीनं सवयीनं आधीच ओतून टाकलेलं. थोड्या वेळानं सुमनवहिनी रिकामी कळशी घेऊन आमच्या दारात आल्या.

"थोडं पाणी आहे का हो? शिळं असलं तरी चालेल."

आमचाही हंडा उपडाच होता. बायकोनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"शिळे म्हणाल तर हे एवढेच उरलेत. नेता का?"