तोतारामची शून्यं

तोताराम आमच्या साक्रीच्या कचेरीत रोजच्या पावसाची नोंद ठेवायचा आणि मी तिथला हेडक्लार्क होतो. तो रुजू झाला त्याच आठवड्यात मी दम भरला होता, "पाऊस नाही पडला तर शून्य लिही. रकाना रिकामा दिसला तर गाठ माझ्याशी आहे." माणूस इतका सरळ, की सांगितलेलं हाडात मुरवायचा. त्याचं पुढे काय होणार हे कळलं असतं तर मी जीभ आवरली असती.

२००६ साली धुळ्याला हौशी मंडळींनी दुर्बिणी मांडल्या होत्या, त्या पाहून याच्या डोक्यात सूर्य शिरला. एक जुनी दुर्बीण मिळवली. सूर्याकडे थेट बघायचं नाही, दुर्बिणीतून त्याचं बिंब पांढऱ्या कागदावर पाडायचं आणि त्यावरचे काळे डाग मोजायचे. ताटलीच्या काठाने गोल काढायचा, डाग टिपायचे, शेवटच्या रकान्यात आकडा. रोज सकाळी कचेरीआधी, घराच्या धाब्यावर, म्हणजे सपाट मातीच्या छतावर. "सूर्याचे डाग मोजतोस, आधी शर्टावरचे मोज," असं मीच चिडवायचो. तो हसायचा आणि दुसऱ्या दिवशी परत धाब्यावर चढायचा.

गेल्या दिवाळीनंतर पुण्याहून ज्योत्स्नाताई आल्या. मोठ्या वेधशाळांपासून लांब, लहान गावांत कुणी आकाश पाहून लिहून ठेवलं, त्याचा इतिहास त्या गोळा करत होत्या. तोतारामच्या एकोणीस वह्या बघता बघता त्यांचा चहा गार झाला.

"२००८ आणि २००९ ला सूर्य फार शांत होता," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या वहीत पावसाळ्यातही रोज शून्य आहे. पावसाळ्यातल्या इतक्या सलग नोंदी मला इकडे कुठेच मिळाल्या नाहीत. या छापायलाच हव्यात."

माझी छाती फुगली. साक्रीचं नाव, आणि तेही आमच्या कचेरीतल्या माणसामुळे. तोताराम मात्र सतरंजीकडे बघत होता. त्याला काय बोलायचंय ते माझ्या लक्षात आलं आणि मी त्याच्या गुडघ्याला कोपर लावलं. पण ऐकतो कसला.

"ताई, ती शून्यं धरू नका. आभाळ भरलेलं असलं, सूर्य दिसलाच नाही, तरी मी शून्यच लिहायचो. रकाना रिकामा ठेवायची सवय नव्हती. २०१२ ला चूक कळली, मग 'ढग' लिहायला लागलो."

ही सवय कुणी लावली, ते त्याने सांगितलं नाही. मला खाली बघावं लागलं. मला त्याचा राग आला होता आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटत होती.

ज्योत्स्नाताईंनी २००८ ची वही पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "पहिल्या सहा वर्षांतले पावसाळ्याचे जे दिवस नक्की आठवतात, ते ठेवा. बाकीच्या शून्यांवर रेघ मारा. पुढच्या महिन्यात मी वह्या न्यायला येते."

रविवारी मी गेलो, तर तोताराम लाल पेन घेऊन बसलेला. पानामागून पान लाल होत होतं. त्यात खरी शून्यंही असणार, डोळ्यांनी पाहिलेली, पण ती आता वेगळी कशी काढणार? माझा जीव तुटत होता. त्याची बायको लताबाई शेजारी होत्या. २००८ च्या श्रावणातल्या एका तारखेवर त्यांनी बोट ठेवलं. त्या दिवशी त्यांची लेक दीपमाला जन्मली होती.

"हाई राहू द्या," लताबाई म्हणाल्या. "त्या दिन कडक ऊन व्हतं, माले याद शे. मी दवाखानामा व्हतू नि तुम्ही धाबावर. वहीमा लिखेल शे ना." एवढी वर्षं त्या हा टोमणा मारत आल्या होत्या आणि तोतारामने एकदाही उलट उत्तर दिलं नव्हतं.

त्याने पेन खाली ठेवलं. मग हळू म्हणाला, "धाबावर गऊच नही मी. दिनभर दवाखानाना बाहेर बाकवर बठेल व्हतू. रातले घर उनू नि शून्य लिखी टाकं."

लताबाईंनी डोळ्यांना पदर लावला, दीपमालेची शाळेतली जुनी पट्टी आणली आणि त्या शून्यावर आडवी धरली.

"मारा रेघ," त्या म्हणाल्या.