अभ्यासिकेत बसवलेल्या पोरी

"आणि ही आमची मेंढरांमागची पोर. बघा, आता फौजदार व्हायला निघालीय."

ताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवून बारा बायकांसमोर हे सांगितलं. माझ्या दोन्ही हातांत चहाचा ट्रे हुता. बायका हसल्या. वाईट न्हाई हसल्या, कौतुकानं हसल्या. एकीनं मोबाईल काढला. म्हणाली, "अशीच थांब हं. ट्रे जरा खाली घे, चेहरा दिसू दे." मी घेतला खाली. फोटो निघाला. ज्या खिडकीतल्या टेबलावर मी दोन वर्षं अभ्यास केला, त्या टेबलावर तिची वही उघडी पडली हुती. माझी मुख्य परीक्षा बावीस दिवसांवर आली हुती.

तिनं सांगितलं आणि मी ट्रे खाली घेतला. या गोष्टीची मला अजून लाज वाटती.

परीक्षेत मी प्रमाण भाषा लिहिते, चांगली लिहिते. हे मात्र माझ्या बोलीत सांगणार. इमारतीचं नाव सांगत न्हाई, गावाचंबी न्हाई. रहिमतपूरकडं जाणाऱ्या वाटेवर कुठंतरी म्हणा. इंग्रजांच्या काळातला दगडी बंगला हाय. साहेब लोक दौऱ्यावर आले की उतरायचे. नंतर तिथं जकातीचं हापिस झालं, नंतर पालिकेचं मोडकं सामान पडलं. ताईंच्या संस्थेनं तो दुरुस्त केला आणि बाया-पोरींसाठी अभ्यासिका काढली. ताई म्हणजे उसाच्या मोठ्या बागायतदार घरातली सून, सासरे फौजेतले बडे अधिकारी. पयल्या दिवशी मी त्यांना मॅडम म्हणाले तर रागावल्या. "मॅडम नाही. ताई म्हणायचं."

मी माणदेशातली. आमच्याकडं पाऊस पडला तर पडला. दिवाळी झाली की माझा बाप मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखात येतो, संगं आई, घोडं, कोंबड्या. मी वसतिगृहात ऱ्हाऊन शिकले. बी.ए. झाले. मंग स्पर्धा परीक्षेचं डोक्यात घेतलं आणि या गावात एका खोलीत चौघी ऱ्हायला लागलो. खोलीत पाय पसरायला जागा न्हाई, तिथं अभ्यास कसला करणार? अभ्यासिकेत मला खिडकीतलं टेबल मिळालं. सकाळी सातला दार उघडायचं. ताईंनी डोक्यावरून हात फिरवला. "हे घर तुझं आहे. कुणी काही बोललं तर माझं नाव सांग." मी आईला फोन केला, तर आई तिकडं रडायला लागली. आमच्या घरात कुणालाच कुणी 'हे घर तुझं' म्हणालं नव्हतं.

मंग मी काय काय केलं. कुणी न सांगता झाडलोट केली. पुस्तकांना कव्हरं घातली, नंबर टाकले. कपाटांना रंग दिला. तासगावची एक मैत्रीण हुती माझी, तिथंच अभ्यासाला यायची. ती म्हणायची, "अगं तू वाचायला येतीस का राबायला?" मी तिच्यावरच चिडायचे. माझ्या ताईंविषयी बोलायचं काम न्हाई.

बंगला संस्थेला लांब मुदतीच्या करारानं द्यायचा का, हे पालिकेत ठरायचं हुतं. पालिकेचे साहेब पाहणीला येणार तवा आदल्या दिवशी ताईंचा फोन आला. "सगळ्या या. ओळखीच्या मुलीही आणा. एकही खुर्ची रिकामी दिसायला नको." आमी आणल्या. भाषण मी केलं. बापाचं सांगितलं, खोलीचं सांगितलं, खिडकीतलं टेबल सांगितलं. खरं तेच बोलले. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. ताईंनी मला मिठी मारली. करार झाला.

पुढं दोन महिन्यांत फळ्यावर सूचना लागली. पुण्या-मुंबईच्या लेखिका, चित्रकार बायका महिनाभर मुक्कामाला येणार. कलेसाठी निवांत जागा पायजे. तोवर अभ्यासिका 'तात्पुरती मागील भागात'. मागचा भाग म्हणजे साहेब लोकांच्या घोड्यांची पागा. वर पत्रा, एक बल्ब, खाली शहाबादी फरशी फुटलेली. आमची टेबलं तिथं रचली. उन्हाचा पत्रा असा तापायचा की दुपारी बाराला पोरी उठून जायच्या. चार पोरी यायच्याच बंद झाल्या. दोघींना घरच्यांनी बोलावून घेतलं, म्हणाले अभ्यास व्हत न्हाई तर मंग स्थळं बघू.

मला ताई म्हणाल्या, "तू तर घरचीच. पाहुण्यांचं जरा बघशील ना?"

घरची म्हटल्यावर काय बोलणार? बघितलं. चहा, अंघोळीचं पाणी, चादरी. त्या बायकाबी काही वाईट नव्हत्या. एकीनं इचारलं, "तू इथं कामाला असतेस का?" मी म्हणाले, "न्हाई, मी इथली वाचक हाय." ती गोंधळली. ताईंकडं बघाय लागली. आणि मंग ताईंनी खांद्यावर हात ठेवून माझी ती ओळख करून दिली, जी वर सांगितली.

त्याच दिवशी मी स्वयंपाकघरात ताईंना गाठलं. त्या पाहुण्यांसाठी द्राक्षं धूत हुत्या. म्हणाले, "ताई, आमी आत परत कवा बसायचं?"

त्यांनी वरबी बघितलं न्हाई. लय मायेनं म्हणाल्या, "अगं, तुम्हा मुलींना बसवलं म्हणून तर वास्तू मिळाली. आता तिचा नीट उपयोग व्हायला नको का?"

बसवलं.

ताईंना तो शब्द साधा हुता. मला न्हाई. माझ्या बापाचा अख्खा जन्म त्या शब्दावर गेला. नदीकाठचे शेतकरी तळावर येतात, माझ्या बापाला एरवी अरे-तुरे करणारे तवा अहो-जाहो करतात, चहा पाजतात. "दोन-तीन मुक्काम बसवा की मेंढरं आमच्या रानात." मेंढरं बसवायची. लेंड्या-मुतानं रान कसदार हुतं. बाप त्याचं धान्य घेतो. रान कसदार झालं की तोच शेतकरी बांधावर उभा ऱ्हातो. "चला, हलवा आता. पेरायचंय." बाप मेंढरं हलवतो. कधी रागावला न्हाई. तसा रिवाजच हाय.

पण माझ्या बापाला निदान ठाऊक असतं, की आपल्याला खतासाठी बसवलंय. त्याला कुणी 'हे रान तुझं' म्हणून फसवत न्हाई. मला फसवलं. मी शिकलेली, पूर्व परीक्षा पास झालेली, मला कळलं न्हाई. आणि वर दुसऱ्या पोरी हाका मारून मीच गोळा केल्या. स्वयंपाकघरात त्या द्राक्षांकडं बघत मी उभी हुते आणि मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवलाच न्हाई. पुस्तकं घेतली आणि सरळ हॉलमध्ये गेले. खिडकीत ती मोबाईलवाली बसली हुती. म्हणाले, "ही जागा माझी हाय. परीक्षा जवळ आलीय." ती उठली, वही घेऊन गेली. मी बसले.

दहा मिनिटांत ताई आल्या. आवाज खालीच हुता, पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. "हे काय चाललंय?"

"अभ्यास."

"मी तुला मुलीसारखं वागवलं."

"व्हय. म्हणून तर इतके दिवस गप्प हुते."

"उठ इथून."

"करारात काय लिहिलंय ते दाखवा. आमी पागेत बसायचं असं असलं तर उठते."

त्यांचा चेहरा मी पयल्यांदा तसा बघितला. माया गेली की तिथं काय ऱ्हातं, ते बघितलं. रखवालदार मामांना हाक मारली त्यांनी. मामा दारात येऊन उभे ऱ्हायले, आत आले न्हाईत. मी दुपारपर्यंत बसले. मोठ्या तोऱ्यात बसले असं वाटंल. खरं सांगते, चार तासांत एकच पान वाचलं आणि तेबी डोक्यात गेलं न्हाई.

पुढच्या दिवशी माझी पुस्तकं पोत्यात भरून फाटकाबाहेर ठेवली हुती. नोंदवहीतलं माझं नाव लाल पेनानं खोडलं हुतं. मामांनी पोतं माझ्या सायकलला बांधून दिलं. उरलेले दिवस मी एसटी स्टँडच्या बाकड्यावर अभ्यास केला. पेपर दिला. निकाल यायचाय.

पेपरच्या आधीच मी, तासगावची मैत्रीण आणि आणखी चौघी पालिकेत गेलो आणि माहितीच्या अधिकारात कराराची प्रत मागितली. क्लार्क म्हणाला, "कशाला पाहिजे तुम्हाला?" मैत्रीण म्हणाली, "वाचायला. वाचकच हाय आमी." महिन्यानं प्रत मिळाली. स्पष्ट लिहिलंय: महिलांसाठी सार्वजनिक अभ्यासिका, वर्षभर, सकाळी सात ते सायंकाळी आठ. दुसरा वापर करायचा तर पालिकेची परवानगी. ती परवानगी फायलीत न्हाई. शेवटच्या पानावर मात्र माझं भाषण हाय. टाईप केलेलं. वर लिहिलंय 'लाभार्थीचे मनोगत', खाली माझं नाव.

ते पान मी स्टँडवर बसून तीनदा वाचलं. शब्द सगळे माझे. त्यातलं एकबी खोटं न्हाई, म्हणूनच तर ते त्यांच्या कामाला आलं.

मी पालिकेत दुसरा अर्ज टाकलाय: माझं मनोगत मी मागं घेते, आणि करार मोडला त्याची चौकशी करा. ताईंचे निरोप यायला लागलेत. तू माझी मुलगीच आहेस, ये, बसून बोलू. मी गेले न्हाई. लेखिकांशी माझं भांडण न्हाई. त्यांनी लिहावं, खोल्या लय हाईत बंगल्यात. पण आमच्या टेबलावर न्हाई.

आता ऐकलंय, सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला अशीच एक जुनी इमारत ताईंनी हेरलीय. तिथंबी आधी पोरी लागणार, एखादी बोलकी, गरिबाघरची, भाषण करणारी. पयल्या दिवशी मी त्या फाटकावर उभी असणार. कराराच्या प्रती काढून ठेवल्यात. त्या पोरीला सांगणार, बाई, टेबल घे, पुस्तक घे, हक्कानं घे. माया देतील ती घेऊ नकोस. आणि कागद वाचल्याशिवाय तोंड उघडू नकोस.